ताजी खाच

१

“पान फाडलंत, सासूबाई. अख्ख्या वहीतलं नेमकं तेवढंच पान,” लोरेटा म्हणाली. हे तिचं तिसऱ्यांदा.

एरवी ती मला ‘मा’ म्हणते. ‘सासूबाई’ फक्त भांडताना निघतं, ठेवणीतली सुरी निघावी तसं.

“फाडलं,” मी म्हटलं. “शेगडीत घातलं. राख हवी असेल तर बादलीत आहे, घेऊन जा.”

दुपारचे दोन वाजले होते. ती माझ्या स्वयंपाकघरात उभी होती, अंगात माझ्या मुलाचा, रोल्फचा, करडा स्वेटर, पायात ओले बूट, आणि ते बूट तिनं मुद्दाम पुसले नव्हते. रेडिओवरचा माणूस हवामान सांगत होता. उद्या, बुधवारी, वारा पडणार. गुरुवारी पुन्हा ईशान्येचं वादळ. म्हणजे मधला एक दिवस, जानेवारी आपल्याला कधी कधी भीक घालतो तसला. त्या एका दिवसासाठी तिनं दक्षिणेकडच्या बंदरातला साबो नावाचा माणूस ठरवला होता. अठ्ठावीस फुटांची बोट. उन्हाळ्यात पाहुण्यांना खाडीत फिरवायची ती बोट हा शहाणा सत्तर मैल बाहेर नेणार होता, भर थंडीत. त्याला फक्त आकडे हवे होते.

आकडे म्हणजे जागा. आमच्या बार्नेगटच्या धक्क्यावर एखाद्याला त्याच्या बायकोबद्दल काहीही विचारा, पण आकडे विचारू नका. सत्तर मैलांवर, चाळीस वाव म्हणजे दोनशे चाळीस फूट पाण्याखाली, शंभर फूट लांबीचं एक लोखंडी जहाज पडलंय. त्याच्या चारी बाजूंना मैलोगणती नुसती वाळू. आकडा जरासा चुकला की दिवसभर वाळूवर घिरट्या घाला आणि रिकाम्या हातानं घरी या. माझ्या नवऱ्याला, आर्नेला, ती जागा चाळीस वर्षांपूर्वी मिळाली आणि त्यानं ती कुणाला दिली नाही. पुढं उपग्रह आले, रेडिओच्या मनोऱ्यांवरून जागा ओळखायचे जुने आकडे बाद झाले, तेव्हा बंदरातल्या पुरुषांनी ते बदलून घ्यायला शिकलेली माणसं शोधली. मी आठवी पास. वाचनालयातून एक पुस्तक आणलं, याच टेबलावर पेन्सिल घेऊन बसले, तीन महिने लागले. पहिल्याच फेरीला आमचा नांगर जहाजाच्या पत्र्यावर वाजला. तेव्हापासून आमच्या ‘तेर्ना’ बोटीचं गणित माझं आहे. वहीतलं पान मी जाळलं, बोटीच्या यंत्रातली नोंद पुसली. आता ते आकडे एकाच ठिकाणी आहेत, आणि ते ठिकाण त्र्याहत्तर वर्षांचं आणि हट्टी आहे.

ती म्हणाली, तो माझा नवरा आहे. मी म्हटलं, त्याच्या आधी तो माझा मुलगा होता. ती म्हणाली, तुम्ही लपवताय. मी म्हटलं, हो, लपवतेय. तासभर असंच चाललं होतं. त्यातलं काहीच मला लागलं नाही. मला लागलं होतं ते वेगळंच. सकाळी दुकानात तिची शेजारीण भेटली. लोरेटानं मांजर तिला देऊन टाकलं होतं. आठवडाभराचं खाणं देऊन नव्हे, भांड्याकुंड्यांसकट.

एका दिवसाच्या फेरीसाठी कुणी मांजर देऊन टाकत नाही.

२

हिवाळ्यात मासे कुठं जातात, हा प्रश्न उन्हाळी पाहुण्यांना पडत नाही. ते सप्टेंबरात खिडक्यांना फळ्या ठोकतात आणि समजतात, आपण गेलो की समुद्रही बंद होतो. रोल्फला तो प्रश्न सहाव्या वर्षी पडला. धक्क्याच्या खांबांशी सगळा उन्हाळा दिसणारे काळे बास मासे वायव्येचा पहिला गार वारा सुटला की आठवड्याभरात नाहीसे होतात. आर्ने त्याला सांगायचा, दक्षिणेला जातात, म्हाताऱ्यांसारखे.

चूक. ते सरळ बाहेर जातात. समुद्राचा तळ जिथं खाली उतरायला लागतो तिथवर, साठ-सत्तर मैल. वर बर्फाचे कण उडत असले तरी चाळीस वाव खाली पाणी सगळा हिवाळा एकसारखं असतं. धड ऊब नाही, पण मारणारी थंडीही नाही. तिथं एखादं बुडालेलं जहाज मिळालं की ते त्याला बिलगतात, गुरं गोठ्यात दाटतात तसे. फार खात नाहीत, फार हलत नाहीत. वाट बघतात. आणि आम्ही जाऊन त्यांच्या डोक्यावर गळ सोडतो. हा आमचा धंदा. मध्यरात्री सुटायचं, उजाडता पोचायचं, गिऱ्हाइकांच्या हातात दोऱ्या द्यायच्या. मी खालच्या स्वयंपाकघरात, कॉफी आणि शिंपल्यांचं सूप.

आमच्या बोटीवर प्रत्येकाचा मासा वेगळ्या पोत्यात जात नाही. सगळे एका बर्फाच्या पेटीत. कुणाचा कुठला हे कळावं म्हणून डेकवरचा माणूस मासा गळावरून काढला की शेपटीवर सुरीनं खूण करतो. एकाला वर एक खाच, दुसऱ्याला खाली, तिसऱ्याला मधोमध. जुन्या गिऱ्हाइकांची खूण वर्षानुवर्षं तीच राहते. काहीजण तर स्वतःच्या नावापेक्षा खुणेनं ओळखले जातात. हे काम रोल्फचं. खूण झाली की सुरीची मूठ कठड्यावर दोनदा आपटून तो चिकटा झटकायचा. टक टक. मी खाली बसून त्या आवाजावर मासे मोजायचे.

त्याची स्वतःचीही एक खूण होती. बास नराच्या शेपटीला वरच्या टोकाला लांब तंतू असतो. रोल्फ तो मुळापासून उडवायचा आणि खालच्या कडेला दोन बारीक खाचा द्यायचा. ही खूण तो खायच्या माशांवर करत नसे. जुलैत खाडीच्या तोंडाशी सापडलेले छोटे, परत सोडायचे मासे, त्यांच्यावर करायचा. तिसऱ्या वर्षी, जानेवारीत, त्या बुडालेल्या जहाजावरून तसल्या खुणेचा एक मासा वर आला. खाचा भरून आलेल्या, कडा गुळगुळीत. सदतीस वर्षांचा बाप्या डेकवर नाचला. लोरेटा त्या फेरीला होती. तिनं त्या माशाचं चुंबन घेतलं, शपथेवर सांगते.

दोन वर्षांपूर्वी, जानेवारीच्या नऊ तारखेला, नांगर त्या जहाजात अडकला. रोल्फ पुढं जाऊन तो सोडवत होता. लाट आली, बोट उचलली गेली, नांगराचा दोर सुटला आणि त्याचं एक वेटोळं रोल्फच्या बुटाभोवती पडलं. पीट, आमचा डेकवरचा दुसरा माणूस, चार हातांवर होता. तो म्हणतो, ओरडायलाही वेळ मिळाला नाही. अंधार पडेपर्यंत आम्ही फिरलो. तटरक्षकांचं विमान आलं, फिरलं, गेलं. थंड पाण्यात खोल गेलेलं शरीर वर येत नाही, हे मला आधीच माहीत होतं. वाचनाचा हा एक तोटा.

तेव्हा मी खाली सूप ढवळत होते.

३

पुढच्या हिवाळ्यात ‘तेर्ना’ पुन्हा निघाली. लोकांनी नाकं मुरडली. मुरडू देत. धक्क्याला बांधलेली बोट सडते, आणि बाईही. आर्ने जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. सुकाणूवर त्याचा धाकटा भाऊ नेल्स, डेकवर पीट, स्वयंपाकघरात मी. अठरा गिऱ्हाइकं.

दहाच्या सुमाराला पीटनं सुपासाठी एक बास खाली टाकला. मी तो फळीवर घेतला आणि थांबले. तंतू उडवलेला. खालच्या कडेला दोन खाचा.

यात नवल काहीच नव्हतं. रोल्फनं शेकडो मासे खुणा करून सोडले होते, आणि बास दहा वर्षंसुद्धा जगतो. मी त्या खाचांवरून बोट फिरवलं, एखाद्याच्या जुन्या पत्रातल्या अक्षरांवरून फिरवावं तसं.

बोट लाल झालं.

मी दिवा जवळ ओढला. भरून आलेली खाच कशी असते ते मला ठाऊक आहे. तिच्यावर पातळ कातडी धरते, कड गोल होते. ही कड उघडी होती. मांस कच्चं, रक्त अजून झिरपतंय. खारं पाणी उघडं मांस बघता बघता पांढरं करतं. हे पांढरंही पडलं नव्हतं.

पीटला खाली बोलावून विचारलं. त्यानं आईची शपथ घेतली. मला शपथेची गरज नव्हती. पीट डावखुरा आहे, त्याची सुरी उलट्या बाजूनं उतरते. शिवाय माणूस पन्नाशीचा, असली थट्टा करायची त्याच्यात अक्कलही नाही आणि दुष्टपणाही नाही. मग मी स्वतःलाच समजावलं. दुसऱ्या माशानं चावा घेतला असेल. जहाजाच्या गंजलेल्या पत्र्यावर शेपूट घासली असेल. पत्रा दोनदा, नेमक्या अर्ध्या इंचाच्या अंतरावर, आणि तंतू मुळाशी. असेल.

सूप मी केलं. लोकांनी पुन्हा मागून खाल्लं.

४

त्या हिवाळ्यात असे अकरा आले. या हिवाळ्यात पहिल्याच फेरीला एकोणीस.

मी शेपट्या कापून दुधाच्या रिकाम्या खोक्यात भरल्या आणि घरच्या फ्रीझरमध्ये तळाशी ठेवल्या. का ठेवल्या? पुरावा म्हणून. कुणाला दाखवायचा होता, ते देव जाणे. संध्याकाळी दार लावून भिंग घेऊन बसायचे. रोल्फच्या सुरीचं टोक मोडकं होतं. खाचेच्या शेवटी ते मांस जरासं फाडायचं, इंग्रजी स्वल्पविरामाएवढं. प्रत्येक खाचेच्या शेवटी तो स्वल्पविराम होता. सुरी त्याच्या पट्ट्याला होती. पट्टा त्याच्या कमरेला.

आणि मग आवाज.

बोटीचं स्वयंपाकघर पाण्याच्या पातळीखाली असतं. तिथं बसलं की बोटीच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. पंप, भांडी, लोकांचे बूट, लाकडाची कुरकुर. चाळीस वर्षं ऐकून मला ते आवाज पाठ आहेत. जानेवारीच्या दुसऱ्या फेरीला त्यात एक भर पडली. वर कुणीतरी ओरडायचं, मासा लागला म्हणून. आणि त्याच्या जरा आधी, पायांखालून, टक टक.

मी भांडी टांगायचे हूक कापडानं बांधले. आवाज आला. पंप बंद करायला लावला. आवाज आला. शेवटी पुढच्या टोकाला गेले, जिथून नांगराचा दोर आत येतो, आणि त्या ताणलेल्या ओल्या दोराला कान लावला. माझ्या वयाच्या बाईनं करायचं काम नव्हे, कान बधिर झाला. पण तिथं तो आवाज स्पष्ट होता. तळाशी लोखंडावर कुणीतरी काहीतरी दोनदा आपटत होतं, मग थांबत होतं, मग पुन्हा दोनदा. घाई नव्हती. रोजच्या कामाचा आवाज होता तो.

मला रडू आलं नाही. मला इतकंच वाटलं, याला कुणी सांगितलं नाही का, की आता पुरे.

लोरेटाला मी काही बोलले नव्हते. पण ती रविवारी जेवायला येते आणि बर्फ काढायला फ्रीझर उघडते. खोकं घेऊन ती टेबलाशी आली. ती रोल्फची बायको. खूण तिला शिकवावी लागत नाही. एक शेपूट तिनं तळहातावर ठेवली, वितळू दिली. तिच्या तळहातावर गुलाबी पाणी साचलं. दोन वर्षांत त्या मुलीचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. दुःखाशी माझी ओळख होती. या आशेचं काय करायचं ते मला कळेना.

५

गेल्या गुरुवारी समुद्र शांत होता. नेल्सला म्हटलं, गिऱ्हाइकं नकोत, आपण तिघंच जाऊ. पोचल्यावर मी मागच्या बाजूला बादली उलटी घालून बसले आणि आर्नेची जुनी हातदोरी मागितली.

“वहिनी, तुम्ही गळ धरल्याला वीस वर्षं झाली,” नेल्स म्हणाला.

“एकवीस,” मी म्हटलं. “तू नांगर नीट टाक.”

ते दोघं पुढं गेले, नांगराचं काहीतरी करत बसले. नऊ जानेवारीनंतर त्या दोघांचा डोळा नांगरावरून हटत नाही. मी एकटीच होते. ऊन होतं, फिकट, ऊब नसलेलं. डांबर लावलेली ती दोरी, दर पाच वावांना एक गाठ. खाली किलोभर शिसं. पहिला मासा आला, तंतू उडवलेला, दोन खाचा, रक्त. दुसरा तसाच. सहा आले. सहाही तसेच. प्रत्येक वेळी आधी टक टक, मग ओढ. जणू खाली कुणीतरी मासा धरून, खूण करून, माझ्या गळाला लावून देत होतं.

मग मी गळ काढून टाकला. मासे मला नको होते. नुसतं शिसं खाली सोडलं. आठ गाठी हातातून गेल्या, शिसं टेकलं. मी एकदाच त्याचं नाव घेतलं, हळू. त्यानंतर तोंडातून शब्द काढला नाही.

बराच वेळ काही नाही. मग दोरीला वजन आलं.

मासा लागला की हिसके बसतात. कचरा अडकला की मेलेलं ओझं लागतं. हे दोन्ही नव्हतं. विहिरीतून कुणी दोरी धरून चढत यावं आणि काठावरच्यानं नुसती ढिली दोरी आवरून घ्यावी, तसं ते येत होतं. मी ओढत होते आणि ते मला ओढायला मदत करत होतं. पस्तीसची गाठ आली. तीसची आली. माझ्या संधिवाताच्या बोटांना काही जाणवत नव्हतं. मला आनंद झाला होता. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. घरी जाऊन काय रांधायचं इथपर्यंत मी पोचले होते.

वीसच्या गाठीला बुडबुडे आले.

आधी थोडे, मग खूप, दोरीच्या भोवती, आणि त्यांना वास होता. आणि तेव्हा मला ते आठवलं, जे आमच्या धक्क्यावरचं शेंबडं पोरही जाणतं आणि मी आई असल्यामुळे विसरले होते. चाळीस वावांवरचा मासा वर आणला की त्याच्या आतली हवा फुगते. पोट तोंडातून बाहेर येतं, डोळे खोबणीतून. वर आलेला मासा तडफडतो ते गळामुळे नव्हे, वर आल्यामुळे. छोटा मासा जगवायचा असेल तर एकच उपाय असतो. त्याला जड शिसं अडकवायचं आणि आला तिथं लगेच खाली पाठवायचं. रोल्फ गिऱ्हाइकांना रागवायचा, हातात धरून कुरवाळू नका, खाली पाठवा.

मी ओढायची थांबले. ते थांबलं नाही. दोरी माझ्या मांडीवर ढिली पडत गेली. पंधराची गाठ. दहाची. ते आपणहून चढत होतं.

मी कठड्यावरून वाकले. पाणी हिरवं आणि स्वच्छ होतं. आधी नारिंगी रंग दिसला, डेकवरच्या माणसांच्या मेणकापडी विजारीचा. मग एक हात, फिकट, दोरीवर. मग दुसरा हात, त्याच्या वर. मग पहिला. मग त्यानं वर बघितलं. तोंड उघडं होतं आणि तोंडात काहीतरी गुलाबी भरून आलं होतं, आणि जिथं डोळे

ते मी लिहिणार नाही. एवढंच लिहिते की त्यानं मला ओळखलं. आणि ज्याला त्रास होतो आहे हे कळतं, ते मेलेलं नसतं.

आमिष कापायची सुरी माझ्या पायाशी होती. मी दोरी कापली. शिसं दोरीलाच होतं, ते त्याला घेऊन गेलं. फार पटकन नाही. नारिंगी रंग हिरव्यात गेला, हिरवा काळ्यात.

नेल्स मागं आला तेव्हा मी बादलीवर बसले होते. त्याला सांगितलं, दोरी जहाजावर घासली, तुटली. परत येताना मी स्वतःला पुष्कळ काही सांगितलं. नारिंगी ताडपत्री असेल, एखाद्या बोटीवरून पडलेली, जाळ्यात गुंडाळलेली. ऊन डोळ्यांवर होतं. बाई म्हातारी आहे. हे सगळं पटण्यासारखं आहे. पण ताडपत्री हातावर हात टाकत चढत नाही.

घरी आल्या आल्या मी ते पान फाडलं.

६

तर, मंगळवारची दुपार. लोरेटाचं ओरडून झालं होतं. ती खुर्चीत बसली आणि स्वेटरच्या खिशातून तिनं वीतभर दोरी काढून टेबलावर ठेवली. डांबर लावलेली, जुनी. एक टोक झिपरं, एक टोक सपाट. पीटनं डेकवर राहिलेल्या तुकड्याचं टोक तिला आणून दिलं होतं. मी म्हटलं होतं ना, त्या माणसात दुष्टपणा नाही. अक्कलही नाही.

“ही घासून तुटलेली नाही, मा,” ती म्हणाली. “ही कापलीय.”

मी ते सपाट टोक अंगठ्यानं चाचपलं.

ती शांत झाली होती, आणि तिच्या शांतपणानं मी पहिल्यांदा घाबरले. ती सांगत राहिली. आकडे नाही दिले तरी चालेल. नेल्सनं दिशा आणि वेळ सांगितलीय, ती पाया पडली आणि तो विरघळला. साबोच्या बोटीवर तळ दाखवणारं यंत्र आहे. नाही सापडलं तर ती गुरुवारीही शोधेल, वादळ आलं तरी. साबो परतला तर परतो, ती परतणार नव्हती. हे तिनं वाणसामानाची यादी सांगावी तसं सांगितलं. तो तिथं थंडीत एकटा बसलाय, ती म्हणाली, आणि दर माशाबरोबर चिठ्ठी पाठवतोय, आणि आपण त्या चिठ्ठ्या सुपात घालून खातोय.

बाहेर धक्क्यावर कुणीतरी बर्फ खरवडत होतं. मी त्या दोरीच्या सपाट टोकाकडे बघत होते आणि हिशेब करत होते, जसा मी नेहमी करते. खरं सांगितलं, की तो येत होता आणि मीच कापली, तर ती आत्ता, या क्षणी निघेल. येत होता, एवढंच तिला ऐकू जाईल. ती मिठी मारायला जाईल. तिनं दोरी धरली तर ती कापणार नाही. पूर्ण वर आणेल, डेकवर घेईल, मांडीवर डोकं घेईल, आणि त्याला हवेत धरून ठेवेल. किंवा तो वर आला नाही तर ती खाली जाईल. आणि खोटं सांगायचं तर कुठलं? साधं खोटं तिला पुरणार नव्हतं. काही नव्हतंच, मला भास झाला, असं म्हटलं असतं तर ती हसली असती. दोन वर्षं तिला जगवणारी एकच गोष्ट होती, तो तिच्यावर प्रेम करत होता ही. आणि तो करत होता, हे मी त्याची आई सांगते. खुणा केलेला पहिला मासा त्यानं तिच्या हातात दिला होता, माझ्या नाही.

तीच गोष्ट मला मोडायची होती. दुसरं काही तिच्या आड उभं राहण्याइतकं मोठं नव्हतं.

“तो तुमच्या दोरीवर होता,” लोरेटा म्हणाली. “आणि मग सुटला. कारण तुम्ही होतात तिथं, मी नव्हते. माझ्यासाठी तो वर येईल, मा. तुम्हालाही ते माहितीय.”

मी तिच्याकडे नीट बघितलं, कारण यापुढं ती मला तिच्याकडे बघू देणार नव्हती, रविवारीही नाही, कधीच नाही.

“हात लागेल इतका जवळ आला होता तो, आणि मी त्याला म्हटलं, ‘चल, लोरेटा घरी वाट बघतेय.’ तुझं नाव ऐकलं आणि त्यानंच दोरी कापली.”